माळवदापासून सौर छतापर्यंत : घर, घरपट्टी आणि घरावरचे नाव

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या मस्तगड भागाचा काही इतिहास लिहून द्यावा, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास लिहावा तो विद्वानांनी. आम्ही घरगृहस्थीच्या बायका. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या भगिनींत छतावरच्या सौर पॅनेलांखेरीज दुसरा विषय नव्हता. कोणाला सरकारी अनुदान मिळाले, कोणाचा अर्ज परत आला, कोणाचे छतच स्वतःचे नाही. अर्ज परत आलेल्यांत मीही होते. त्याचे कारण शोधता शोधता मला घरातली जुनी ट्रंक उघडावी लागली आणि चार पिढ्यांचा इतिहास आपोआप हाती आला. तोच येथे सांगते.

आरंभ गडापासूनच केला पाहिजे. आपल्या वस्तीला ज्याचे नाव मिळाले तो मस्तगड १७२५ साली आसफजाह निजामुल्मुल्क याच्या आज्ञेने काबिलखानाने बांधविला. आकार चौकोनी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, आत बांधकामाचे साल सांगणारा फार्सी शिलालेख, आणि एक मोठी विहीर, जिच्या भोवती ओवऱ्या व खोल्या आहेत. पुढे या गडातच नगरपालिकेचे दफ्तर थाटले गेले. म्हणजे जो गड एके काळी मुलखाचा बंदोबस्त करण्यासाठी उभा राहिला, तेथेच आपल्या घरांचा हिशेब होऊ लागला. आमचे मामंजी चैत्रात डोक्यावर टोपी घालून "गडावर जाऊन येतो" म्हणत, तेव्हा आत्याबाई न विचारता ट्रंकेतले पैसे काढून देत. गडावर जाणे म्हणजे घरपट्टी भरणे, हा अर्थ घरातल्या पोराबाळांनाही ठाऊक होता.

त्या ट्रंकेत अगदी तळाशी आमच्या घराचे खरेदीखत आहे. ते उर्दूत आहे, कारण तेव्हा हैदराबाद संस्थानचे दफ्तर उर्दूत चाले. आमच्या घरात आता उर्दू जाणणारे कोणी नाही; शेजारच्या चाचींनी चष्मा लावून ते वाचून दाखविले. साल फसली १३५२, म्हणजे इसवी सन १९४२-४३. किंमत हाली सिक्क्यात. घेणार म्हणून नाव आजेसासऱ्यांचे. चाचींनी शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, "आजींचं नाव कुठं आहे?" ते कुठेच नव्हते. वस्तुतः या घरासाठी आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ मोडली होती, ही हकिकत आमच्या घरात प्रत्येक सुनेला सांगितली गेली आहे. माळ मोडल्याची नोंद आठवणीत राहिली. कागदावर आली नाही.

घर माळवदाचे होते. सागवानी तुळया, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खाली गारवा आणि मधल्या सवण्यातून पडणारा उजेडाचा कवडसा. मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकून चोपून घेणे हे काम बायकांचे. न केले तर आषाढात अंथरुणावर गळती ठरलेली. त्याच माळवदावर कुरडया, पापड, सांडगे, वर्षाची डाळ वाळे. पुरुषमाणूस वर गेला तर पतंग उडवायला किंवा रात्री निजायला. म्हणजे घराच्या छतावरचे ऊन कामाला लावण्याची विद्या आपल्याला नवी नाही. रात्री मात्र चिमणी आणि कंदील. काच पुसता पुसता हात कापला नाही अशी सून नसेल.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. दफ्तर मराठी झाले. ट्रंकेतल्या पावत्याही मराठी झाल्या. एका घरपट्टीच्या पावतीवर रुपये, आणे, पै आहेत, म्हणजे ती १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे सुरू होण्याआधीची. त्याच काळात दोन कायदे असे झाले, की त्यांचा परिणाम आपल्या उंबऱ्याच्या आत पोहोचला. हैदराबाद राज्याच्या १९५४ च्या कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळाले आणि भाड्याला बांध बसला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेचा नुसता तहहयात उपभोग जाऊन तिला पूर्ण मालकी मिळाली, आणि बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. पहिला कायदा घरोघर ताबडतोब कळला. दुसरा कळायला आमच्या घराला पन्नास वर्षांहून अधिक काळ लागला.

आता घरपट्टीची रीत थोडक्यात सांगते, कारण बिल भरतात पुष्कळजणी, परंतु ते कसे निघते हे फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाप्रमाणे, घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज करतात. त्यातून दुरुस्तीसाठी शेकडा १० वजा करतात. उरलेल्या रकमेवर कर. आपण स्वतः राहतो, एक पैसा भाडे घेत नाही, तरी कर त्या कल्पित भाड्यावरच. आत्याबाई म्हणत, "मिळत नसलेल्या पैशावरसुद्धा पट्टी!" शिवाय जेथे भाडे कायद्याने बांधलेले असेल, तेथे त्याहून जास्त भाडे धरून कर बसवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे ठरविले. साहजिकच जुन्या वाड्यांचा कर अल्प राहिला आणि नव्या घरांवर बाजारभावाप्रमाणे बसला. पण अल्प कराचे सुखही निर्भेळ नव्हते. आमच्या पुढच्या दोन खोल्यांत भाडेकरू होते. त्यांच्या भाड्यात माळवदाची मातीसुद्धा निघेना. भाडेकरूचे घर टिकले, वाडा मात्र खचला.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, बियाण्यांचा आणि लोखंडाचा व्यापार वाढला. "जालना, सोने का पालना" ही जुनी म्हण पुन्हा लोकांच्या तोंडी आली. परंतु पाळण्याला जागा लागते, आणि जागेचे भाव चढू लागले. आमचे माळवद १९८८ साली उतरले आणि त्या जागी स्लॅब पडला. कर्ज काढताना माझे स्त्रीधन पुन्हा सावकाराच्या नसले तरी बँकेच्या तिजोरीत गेले. कर्जाच्या कागदावर नाव मामंजींचेच. ज्या गावची सळई गावोगाव जाते, त्या गावात आज नव्या जोडप्याला दोन खोल्या बांधणे जड जाते, हे मी रोज पाहते. माझ्या चिरंजीवांनी छत्रपती संभाजीनगरला २० वर्षांच्या हप्त्यांवर फ्लॅट घेतला. आमच्या सबंध घराला जी घरपट्टी येते, तिच्याहून त्याच्या तीन खोल्यांची अधिक. आधी आला तो हलका, मागून आला तो भारी, असा हा न्याय.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली जनतेने मतदान करून ठरविले, की घराच्या खरेदीच्या किमतीवर कर शेकडा १ च्या आसपास राहावा आणि ते मोल, घर विकले जाईपर्यंत, वर्षाला शेकडा २ पेक्षा अधिक वाढू नये. वृद्धांची घरे वाचली, हे खरे. पण शेजारी शेजारी सारखीच दोन घरे, आणि नव्याने आलेल्या तरुणाला जुन्याच्या कितीतरी पट कर, असेही झाले. पुण्यात १९७० पासून स्वतः राहणाऱ्यांना करपात्र मूल्यात शेकडा ४० सवलत होती. ती २०१९ मध्ये थांबली तेव्हा केवढा गहजब झाला, आणि २०२३ मध्ये ती परत द्यावी लागली. कोणती पिढी किती ओझे उचलणार, हा प्रश्न घरपट्टीच्या साध्या बिलात दडलेला असतो.

वीज आमच्याकडे माझ्या लग्नाआधीच आली होती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले; २००५ मध्ये त्याच्या निराळ्या कंपन्या झाल्या. बिलावरचे छापील नाव बदलले, ग्राहकाचे नाव मात्र मामंजींचेच राहिले. मामंजी २००९ साली वारले, तरी दरमहा बिल त्यांच्याच नावे येई आणि आम्ही भरत असू. कोणाचे काही अडले नाही.

अडले ते सौर छताच्या वेळी. केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. ७५,०२१ कोटी रुपये आणि १ कोटी घरे असा तिचा संकल्प असून मुदत सन २०२६-२७ पर्यंत ठरविलेली आहे. पहिल्या २ किलोवॅटांना दर किलोवॅटी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळे छत लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट वीज होते. दिवसा उरलेली वीज तारांवर जाते, रात्री लागेल ती येते. मीटर दोन्ही मोजतो. पॅनेलवर आपल्याकडची धूळ फार बसते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे लागते. कंदिलाची काच गेली, हे पुसणे आले. पण हात कापत नाही.

माझा अर्ज परत आला, कारण अर्जदार मी आणि बिल मृत माणसाच्या नावे. नाव बदलायला गेले तर वारसांची संमती मागितली. वारस कोण? माझे यजमान, धाकटे भाऊजी, मधल्या भाऊजींच्या माघारी जाऊबाई व त्यांची मुले, आणि दोन नणंदा. भाऊजी सहज म्हणाले, "ताई-माईंकडून हक्कसोड लिहून घेऊ, साडीचोळी करू, काम सोपं होईल."

ते ऐकून मी गप्प झाले. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या माहेरी अशाच एका कागदावर मी सही केली होती. कागद वाचला नव्हता. हिरवी साडी मिळाली होती. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. माझी सही त्याच्या आधीच होऊन गेली होती. ती साडी कधीच विरली. सही अजून तशीच आहे.

त्या रात्री मी यजमानांना सांगितले, की नणंदांची नावे लागू देत. अनुदान मिळाले नाही तरी चालेल. घरात चार दिवस अबोला झाला. थोरल्या नणंदेला फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, मला हिस्सा काय करायचाय? पण कुणी विचारलं तर बरं वाटतं." त्यांनी आणि धाकटीने संमतीपत्र दिले, हक्क सोडला नाही. सर्वांची नावे आकारणीत लागायला आठ महिने लागले. तीही निव्वळ कर वसुलीपुरती नोंद. तिने मालकी सिद्ध होत नाही, म्हणून मालमत्ता पत्रकावरही नोंद करून घेतली. बिल माझ्या नावे झाले, ३ किलोवॅट बसले, अनुदान जमा झाले. पॅनेल उंच सांगाड्यावर घेतले आणि जिन्याजवळचा उन्हाचा कोपरा जाऊबाईंच्या कुरडयांसाठी राखला. यावर मात्र कोणाचाच वाद झाला नाही.

परंतु आपल्यातल्या सर्वांची गोष्ट अशी गोड झालेली नाही. ज्या भाड्याने राहतात त्या बिल भरतात, पण छत घरमालकाचे. सामाईक छतासाठी एकत्र यंत्र बसवून वीज वाटून घेण्याची सोय योजनेत आहे, ती फार थोड्यांस ठाऊक. नवे घर घेणाऱ्या स्त्रीला १ एप्रिल २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात शेकडा १ ची सवलत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१५ पासून गरीब कुटुंबांच्या घरावर स्त्रीचे नाव, निदान जोडनाव, असावे असा दंडक आहे. सवलती आल्या, त्या घ्यायला नाव मात्र आपले लागते.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. एक, पुढच्या महिन्याच्या सभेला प्रत्येकीने घरपट्टीचे बिल, मालमत्ता पत्रकाचा उतारा आणि विजेचे बिल घेऊन यावे आणि तिन्हींवर कोणाचे नाव आहे ते एकमेकींना वाचून दाखवावे. थकबाकी असेल तर तीही पाहावी, कारण थकलेल्या घरपट्टीवर दरमहा शेकडा २ शास्ती चढते. दुसरी, पुणे महानगरपालिका सौर यंत्र, पावसाच्या पाण्याचे संकलन, गांडूळ खत यांसाठी करात शेकडा ५ ते १० सूट देते. आपल्या नगरपालिकेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली आहे; तेथे अशी सवलत कोणास व कशी मिळू शकेल, याची मंडळाने रीतसर चौकशी करावी आणि नसेल तर अर्ज द्यावा. मसुदा मी लिहून देईन.

सभेला चाचींनाही बोलावले आहे. ज्यांच्या ट्रंकेत उर्दू कागद असतील त्यांनी ते जरूर आणावेत; वाचून दाखवायला त्या आनंदाने तयार आहेत.