धर्मसेवा आणि विसांवा

सेवा म्हटली म्हणजे आपल्याकडे चंदनाची उपमा ठरलेली. जो झिजला तो थोर. जो मधूनमधून थांबला त्याच्याविषयीं मन जरा साशंकच राहतें. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या चरित्रांतही बहुधा हाच सूर ऐकूं येतो. वास्तविक त्यांच्या धर्मग्रंथांत विसांव्याला मोठा मान आहे. सात दिवसांतला एक दिवस त्यासाठीं राखलेलाच. शिवाय थकून मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूतानें उपदेश न करतां आधीं भाकर व पाणी दिलें आणि पुन्हा झोंपूं दिलें. शिष्यांना जेवायलाही सवड होईना, तेव्हां येशूनें त्यांना एकांतीं जाऊन विसांवा घेण्यास सांगितलें. असें असतां झिजण्याचाच गौरव कां व्हावा? या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस दोन माणसें आठवतात. दोघांची गांठ १८०६ सालीं बंगालमधील श्रीरामपुरास पडली होती.

पहिला हेन्री मार्टिन. जन्म १७८१ चा. १८०१ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिला आलेला. पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत धर्मोपदेशक. हिंदुस्थानांत येतांच आपण देवासाठीं जळून जावें अशी इच्छा त्यानें रोजनिशींत नमूद केली, आणि ती तंतोतंत खरी केली. दानापूर व कानपूर येथें गोऱ्या सैनिकांची उपासना, अंगणांत जमणाऱ्या शेंकडों भिकाऱ्यांस उपदेश, आणि उरल्या वेळांत नव्या कराराचें हिंदुस्थानी भाषांतर, असा त्याचा क्रम होता. घराण्यांत क्षय होता. अखेर प्रकृतीसाठीं रजा मिळाली. परंतु ती त्यानें फारसी भाषांतर सुधारण्यासाठीं इराणांत जाण्याकडे खर्च केली! १८११ च्या आरंभीं तो ज्या जहाजानें कलकत्त्याहून मुंबईस आला, त्याच जहाजावर पुण्याच्या रेसिडेंटाचें काम पाहावयास निघालेला एल्फिन्स्टन होता. शिराझ येथें वर्षाच्या आंत फारसी नवा करार पुरा झाला. मग तबरीझास दीर्घ ताप आला. शक्ति पुरती भरून येण्यापूर्वींच तो घोड्यावरून कॉन्स्टँटिनोपलकडे निघाला, आणि १६ ऑक्टोबर १८१२ रोजीं वाटेंत तोकत येथें वारला. वय अवघें ३१.

दुसरा विल्यम केरी. हा मूळचा जोडे शिवणारा. १७९३ सालीं कलकत्त्यास उतरला तो परत गेलाच नाहीं. १८३४ सालीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं, श्रीरामपुरासच वारला. त्याचें काम मार्टिनपेक्षां हलकें होतें असें कोण म्हणेल? फोर्ट विल्यम कॉलेजांत तो बंगाली, संस्कृत व मराठी शिकवी. १८०५ चें त्याचें मराठी व्याकरण आणि १८१० चा कोश यांसाठीं आपणही त्याचे ऋणी आहोंत. मार्च १८१२ मध्यें छापखान्यास आग लागून वर्षांची हस्तलिखितें जळालीं, तेव्हां तो पुन्हा पहिल्यापासून लिहावयास बसला. परंतु या माणसाजवळ सुमारें पांच एकरांची एक बाग होती. दूरदूरचीं झाडें आणवून त्यानें ती शास्त्रीय वर्गवारीनें लावली होती. सकाळीं तींत फिरणें व चिंतन करणें हा त्याचा नेम. १८२३ सालीं दामोदर नदीच्या पुरानें ती उध्वस्त झाली, तरी त्यानें ती पुन्हा उभी केली. आपल्यामागें सहकारी मार्शमन या बागेंत गाई सोडील, ही काळजी त्याला अखेरच्या आजारांतही होती असें सांगतात.

यावरून बागेनें आयुष्य वाढतें असा सोपा सिद्धांत आम्ही काढीत नाहीं. मार्टिनच्या मागें रोग होता. केरीची प्रकृति काटक होती. शिवाय केरीच्या घरांतील एक दुःख झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. पत्नी डोरोथी मोठ्या नाखुषीनें हिंदुस्थानांत आली. १७९४ सालीं पांच वर्षांचा मुलगा पीटर दगावला आणि तिच्या बुद्धीला भ्रंश झाला. शेजारच्या खोलींत तिचा आकांत चाले, आणि इकडे केरीचें भाषांतर चाले. १८०७ सालीं ती त्याच अवस्थेंत वारली. सेवकाचा विसांवा मोजतांना त्याच्या घरच्या माणसांस तो किती मिळाला, हेंही मोजलें पाहिजे.

तथापि एक गोष्ट निश्चित. केरीची बाग ही त्याच्या सेवेंतील चोरी नव्हती. आगींत गेलेलें काम पुन्हा हातीं धरण्याचें धैर्य ज्या मनांत होतें, तें मन रोज सकाळीं त्या झाडांत वावरत होतें. आम्ही शिक्षकांनीं तरी हें ध्यानीं धरावें. रात्रीच्या दिव्याचा अभिमान आमच्यांतही थोडा नाहीं.

मार्टिनच्या रोजनिशींतील शेवटची नोंद ६ ऑक्टोबरची आहे. त्या दिवशीं घोडे मिळाले नाहींत, म्हणून प्रवास अडला. तो एका फळबागेंत जाऊन बसला; तेथें देवाचें चिंतन करतां लाभलेल्या शांतीविषयीं त्यानें लिहिलें आहे. त्यानंतर तो दहाच दिवस जगला. केरीला जें रोज सकाळीं मिळे, तें मार्टिनला त्या प्रवासांत असें मिळालें. आणि तेंही घोडे मिळाले नाहींत म्हणून.