पेअरगावचा मासा

श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव लोकांना माहीत आहे ते बहादूरगडामुळे. भीमेच्या काठचा मोगली भुईकोट, आत लक्ष्मीनारायणाचं कोरीव देऊळ, आणि १६८९च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना कैदी म्हणून औरंगजेबापुढे उभं केलं ते हेच ठिकाण. एवढा इतिहास अंगावर असला की गावाच्या बाकीच्या गोष्टी मागे पडतात. त्यातली एक माशाची आहे. मत्स्यशास्त्राच्या याद्यांत ‘रोहटी ओगिल्बी’ या माशाचं मूळ ठिकाण म्हणून जे छापलं जातं ते ‘पेअरगावजवळची भीमा’. हे पेअरगाव म्हणजे आपलं पेडगाव. इंग्रजांच्या कानाला ‘ड’ नेहमीच जड गेला. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासातही या गावाच्या नावात ‘ड’च्या जागी ‘र’ आहे.

हा मासा तिथून लंडनला पोचवला तो विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२४मध्ये त्याला मुंबई सरकारचा आकडेवारी अधिकारी नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या जिल्ह्यांत जमीन किती, पीक काय, माणसं किती, बाजारभाव काय, हे मोजायचं त्याचं काम. पण गडी हौशी होता. सरकारी मोजणी करता करता त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८च्या नोव्हेंबरात लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत वाचला गेला आणि १८४१मध्ये चित्रांसह सविस्तर छापला गेला. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी या नद्यांतल्या चाळीसहून अधिक माशांची त्यात वर्णनं आहेत. त्यातले बहुतेक विज्ञानाला नवे होते. नदीकाठच्या माणसांना अर्थातच नव्हते.

साइक्सने नवी नावं ठेवताना लॅटिन कोश फारसा उघडलाच नाही. काठावर जे ऐकू आलं ते रोमन लिपीत उतरवलं आणि शास्त्राच्या स्वाधीन केलं. पोटील झाला ‘पोटेल’, कोळस झाला ‘कोलस’, शिंगटी झाली ‘सींगटी’, शिंगाळा झाला ‘सींघाला’. पुण्याजवळच्या नदीतल्या महासीराला त्याने ‘खुद्री’ म्हटलं, आणि ‘टॉर खुद्री’ हे त्याचं शास्त्रीय नाव आजही चालू आहे. इंद्रायणीत एक मासा मिळाला, त्याच्या नाकावर कुणी सुरी फिरवावी तशी आडवी खाच. नाव नोंदलं गेलं ‘नुक्टा’. मराठी माणसाला त्यामागचा नकटा लगेच दिसतो. पुढे शास्त्रज्ञांनी हा मासा ‘चिरलेल्या नाकाचा’ अशा अर्थाचं भारदस्त ग्रीक नाव असलेल्या वंशात घातला आणि मागे नुक्टा तसाच राहू दिला. म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगून झाली, एकदा ग्रीकमध्ये आणि एकदा मराठीत.

पेडगावच्या माशाचं नाव अर्धं गावचं, अर्धं साहेबाचं. ‘ओगिल्बी’ हा लंडनच्या त्या सोसायटीचा चिटणीस विल्यम ओगिल्बी. ‘रोहटी’ मात्र इथल्या बोलीतून आलेलं. मासा दिसायला देखणा आहे. पाठ कमानीसारखी उंच, अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, डोकं लहान, शेपूट दुभंगलेली, रंग चांदीचा. साइक्सने रोहटी वंशात घातलेले इतर मासे नंतर दुसरीकडे हलवले गेले. आज त्या वंशात हा एकटाच उरला आहे, आणि त्याचा पत्ता पेडगाव.

या पत्त्याला फार महत्त्व आहे. साइक्सच्या बहुतेक माशांचे मूळ नमुने टिकले नाहीत. राहिली ती वर्णनं, काही चित्रं आणि नदीकाठच्या गावांची नावं. ‘साइक्सचा मासा नेमका कोणता?’ असा वाद पडला की अभ्यासकाला पुन्हा त्याच काठावर येऊन जाळं टाकावं लागतं.

साइक्सनंतर शंभरएक वर्षांनी, जाळं न टाकता माशाची ओळख पटवायला दुसरीच वाट निघाली. १९३५मध्ये ऑस्कर सुंड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने लोफोटेनच्या समुद्रात जहाजावरच्या ध्वनियंत्राने कॉड माशांचे थवे कागदावर उतरवले. १९४८मध्ये जपानच्या नागासाकीत फुरुनो बंधूंनी मच्छीमारांसाठी फिशफाइंडर विकायला आणला. पुढे अमेरिकेत, कॅनडात हे यंत्र गोठलेल्या तळ्यांवर पोचलं. तिथला गळवाला बर्फाला भोक पाडतो, सेन्सर पाण्यात सोडतो आणि गोल तबकडीवरच्या रेघा बघत बसतो. भंडारदऱ्याची थंडी कितीही बोचली तरी जलाशयावर बर्फाची चादर काही चढत नाही. पण तो गळवाला ज्या कोड्याशी झुंजतो ते भीमाकाठी नवं नाही. खाली आहे तो कोण?

यंत्र पाण्यात आवाज सोडतं. तो सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो, कशावर तरी आपटतो आणि परत येतो. माशाचं मांस पाण्याइतकंच दाट, त्यातून आवाज जवळजवळ सरळ निघून जातो. परत येतो तो मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. म्हणजे पडद्यावर दिसतो तो मासा नसून त्याच्या पोटातला फुगा असतो. चालत्या होडीखालून मासा गेला की आधी अंतर कमी होतं, मग वाढतं, म्हणून पडद्यावर कमान उमटते. बर्फावर सेन्सर एका जागी आणि मासाही स्थिर असला की नुसती सरळ रेघ. रेघ जाड की बारीक, तळाशी की मध्यावर, एकटी की घोळक्यात, एवढ्यावर बाकीचं अनुमान करायचं. त्या तळ्यात कोणते मासे आहेत आणि ते कुठल्या खोलीवर राहतात हे आधीच ठाऊक असेल तर अंदाज बरोबर येतो. नसेल तर यंत्र गप्प.

साइक्सच्या यादीतला एक मासा तर या यंत्राला चांगलाच चकवेल. मुळा-मुठेत मिळालेल्या एका दांडग्या मिशाळ माशाला त्याने विल्यम यॅरेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाचं नाव दिलं. तो मीटरभराहून मोठा वाढतो, दगडांत तळाला चिकटून राहतो, आणि त्याच्या घराण्यात हवेची पिशवी आक्रसून हाडाच्या डबीत कोंडलेली असते. एवढं धूड, पण पडद्यावर जवळपास बेपत्ता.

मधल्या काळात भीमा नदीच बदलली. १९८०च्या सुमाराला उजनीचं धरण झालं आणि फुगवट्याचं पाणी कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेककडे सरकलं. वाहत्या पाण्याचं तळं झालं. कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे मासे बीज सोडून वाढवले गेले. १९५२मध्ये परदेशातून भारतात आणलेला टिलापिया ‘चिलापी’ होऊन असा पसरला, की उजनीचा मासा म्हटलं की आता आधी चिलापीच आठवते. नाव परकं, पण ते घडवलं बाजारानेच, पोटील आणि शिंगटीच्या चालीवर.

पेडगावहून साइक्सने आणखी एक मासा नेला होता, लांब मिशांचा, अंगावर खवले नसलेला. त्याचं नाव त्याने ‘टी, डबल ए, के, आर, डबल ई’ असं लिहिलं. भोयाच्या तोंडून ते टाकरी आलं होतं की ताकरी, हे रोमन अक्षरांवरून कळायला मार्ग नाही. शास्त्रीय नावात ते आहे तसंच चिकटून बसलं आहे. उच्चार पक्का करायचा तर पेडगावच्या घाटावर, जाळं उपसायच्या वेळी जाऊन विचारावं लागेल, आणि त्या दिवशी चिलापीच्या ढिगात तो एखादा तरी सापडावा लागेल.