क्वासारांची वर्गवारी

जी वस्तू मोठ्या दुर्बिणीतूनही बहुधा नुसत्या ठिपक्यासारखी दिसते, तिची वर्गवारी करायची कशी? क्वासारांचा इतिहास हा बव्हंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी पालोमार येथील २०० इंची दुर्बिणीने घेतलेला '३ सी २७३' या ठिपक्याचा वर्णपट तपासला. त्यातील रेषा प्रथम अनोळखी वाटल्या. वस्तुतः त्या हायड्रोजनच्याच, परंतु सोळा टक्क्यांनी तांबड्या बाजूस सरकलेल्या होत्या. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरचा प्रकाश असा ताणला जातो. ताऱ्यासारखा भासणारा तो ठिपका सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षे दूर होता!

या ताणाने अभ्यासकांवर एक उपकारही केला. जंबुपार किरण आपले वातावरण बहुतांशी अडवून धरते. परंतु अतिदूरच्या क्वासारांचे जंबुपार किरण वाटेतच लांबतात आणि जमिनीवरील दुर्बिणींस गवसतात. १९६५ साली '३ सी ९' च्या वर्णपटात श्मिट यांना हायड्रोजनची १,२१६ अँगस्ट्रॉमची रेषा सुमारे ३,६६० अँगस्ट्रॉमवर सापडली. म्हणजे ती तिपटीने ताणलेली होती.

आता या जंबुपार रेषांवरून भेद करता येऊ लागले. १९६७ साली रॉजर लिंड्स यांनी 'पीएचएल ५२००' च्या वर्णपटातील तेजस्वी रेषांच्या निळ्या अंगास असलेल्या रुंद काळ्या पट्ट्यांचे वर्णन केले. त्यांचा अर्थ असा, की क्वासारातून वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने उसळत आहे आणि वाटेत प्रकाश गिळत आहे. यावरून पट्टेवाले आणि बिनपट्ट्यांचे असे दोन वर्ग झाले. पुढे पट्टेवाल्यांतही पोटभेद पडले : काहींत कार्बनसारख्या अतिशय आयनीभूत द्रव्यांचेच पट्टे, तर थोड्यांत मॅग्नेशियमचेही.

परंतु हे दोन वर्ग मुळातच भिन्न आहेत काय? १९९१ साली रे वेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींच्या तेजस्वी रेषा ताडून पाहिल्या. त्या बव्हंशी सारख्याच निघाल्या. तेव्हा वस्तू एकच असून, वायूचा झोत आपल्या दृष्टिरेषेत आला तर पट्टे दिसतात, एरवी नाही, हे मत बळावले. दुसरे मत असे, की निदान काही पट्टेवाले हे क्वासाराच्या आयुष्यातील एका अवस्थेत असावेत. २०१२ साली तर १९ क्वासारांतील काही पट्टे अवघ्या काही वर्षांत नाहीसे झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांतील काही क्वासार बिनपट्ट्यांच्या वर्गात जाऊन बसले.

तात्पर्य, वर्ग पाडल्याशिवाय शास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही, हे खरे. परंतु वर्ग म्हणजे जन्माने चिकटलेली जात नव्हे. आपण कोठून पाहतो आणि केव्हा पाहतो, यांचाही त्यात वाटा असतो. ज्याला हे विसर पडला नाही, त्यालाच वर्गवारीचा खरा उपयोग होतो.