शलाका, निशाणी आणि पेटी

जुन्नर शहराभोंवतालच्या डोंगरांत कोरलेलीं लेणीं मोजूं गेल्यास संख्या दोनशेंच्या घरांत जाते. लेण्याद्रि, मानमोडी व शिवनेरी येथील शिलालेखांत राजांचीं नांवें थोडीं. धान्याचे व्यापारी, बांबूचें काम करणारे, कांसार यांच्या श्रेणींचे उल्लेख मात्र ठळकपणें आढळतात. नाणेघाटानें वर येणाऱ्या मालावर हें गांव जगत होतें आणि त्याच्या दानावर भिक्षुसंघ पोसला जात होता. अशा संघांत मतभेद झाला तर तो कसा मिटवावा, याविषयीं पाली विनयपिटकांत जे नियम आहेत, ते आज मत देणाऱ्या कोणाही माणसानें एकदां वाचण्याजोगे आहेत.

चर्चेनें वाद मिटला नाहीं, तर शलाका वांटीत. शलाका म्हणजे लहानशी काडी. एका मताला एका रंगाची, दुसऱ्या मताला दुसऱ्या रंगाची. वांटणारा भिक्षु पक्षपात, द्वेष, मोह व भय या चारांपासून मुक्त असावा, अशी अट होती. वांटण्याच्या रीति तीन. पहिली गुप्त: एकेका भिक्षूनें जवळ यावें, हवी ती काडी उचलावी आणि ती कोणालाही दाखवूं नये. दुसरी कानगोष्टीची: वांटणारानें प्रत्येकाच्या कानाशीं लागून कोणती काडी कोणत्या मताची तें सांगावें. तिसरी उघड. यांपैकीं गुप्त रीतींत एक मौज अशी, कीं मोजणी अधर्माच्या बाजूला झुकते असें दिसल्यास, काड्या नीट घेतल्या गेल्या नाहींत असें म्हणून वांटणारानें ती रद्द करावी. म्हणजे झांकण होतें तें मत देणाराच्या रक्षणापेक्षां मत मोजणाराच्या सोयीचें. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितीपुढें बोलतांना डॉ. आंबेडकर यांनीं भिक्षुसंघाला मतदानाचे व सभाशास्त्राचे नियम ठाऊक होते, याची आठवण करून दिली, ती यथार्थच होय. परंतु आज गुप्त मतदान ज्या कारणासाठीं आहे, तें कारण त्या काळीं पुढें आलेलें नव्हतें. तें कारण म्हणजे भीति. उघड, कानगोष्टीची आणि गुप्त, या तिन्ही रीति पुढें जुन्नर-आंबेगांवच्या खेड्यापाड्यांतून फिरून फिरून भेटतात; म्हणून त्यांची ही ओळख.

मराठी अमदानींत गांवचा तंटा गोतसभेपुढें येई व निवाड्याचा महजर लिहिला जाई. महजरावर ज्यांना लिहितां येई ते सही करीत. इतरांची निशाणी पडे. पाटलाचा नांगर, आणि बलुतेदारांच्या त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या आकृति. ही रीत पूर्ण उघड्या मताची. कोण बोललें हें कळल्यावांचून त्या बोलण्याला वजन नसे, आणि साक्षीच्या कामीं तें योग्यही होतें. मात्र ज्याच्या खळ्यावर वर्षाचें बलुतें मोजून घ्यावयाचें, त्याच्याविरुद्ध सुतार-लोहारानें भर सभेंत आपली निशाणी उठवावी, ही अपेक्षा फार मोठी होती. जुन्या गांवगाड्याचें एकमत आपण कौतुकानें सांगतों. त्या एकमतांत किती जणांनीं जीभ दांतांखालीं धरली होती, तें कागदावर उमटत नाहीं.

इंग्रजी अमलांत पाटलाचें वजन कमी झालें आणि सावकाराचें वाढलें. सह्याद्रीच्या कुशींतील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले या महादेव कोळ्यानें १८७३ पासून टोळी उभारून सावकारांना सळो कीं पळो करून सोडलें. कित्येकांचीं नाकें कापलीं गेलीं. १८७६ सालीं तो पकडला गेला. मध्यंतरीं १८७५ सालीं सुप्यास दंगा होऊन तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. मतदानाच्या इतिहासांत या गोष्टी कशाला, असें कोणी विचारील. जो कुणबी किंवा कोळी कर्जरोख्यावर अंगठा करीत होता, त्याचेच नातू-पणतू पुढें मतदार व्हावयाचे होते. त्यांच्या मनांत सावकाराचें नांव घेतांना आवाज कोठें खालीं आणावा, ही शिकवण अगोदरच मुरलेली होती.

याच सुमारास खुद्द इंग्लंडांत काय चाललें होतें? १८७२ पर्यंत तेथेंही मत तोंडानें, सर्वांसमक्ष द्यावें लागे आणि कोणीं कोणाला मत दिलें याच्या वह्या छापून निघत. जमीनदार त्या वह्या चाळी, आणि विरुद्ध गेलेल्या कुळाला जमीन सोडावी लागल्याचे प्रकार घडत. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनीं १८५६ सालीं गुप्त मतपत्रिका आणली. सोळा वर्षांनीं इंग्लंडानें तिचें अनुकरण केलें. विरोध करणारांत जॉन स्टुअर्ट मिल्लसारखा स्वातंत्र्याचा कैवारी होता, हें नवल. मत ही मतदाराची खासगी मालमत्ता नसून सार्वजनिक विश्वासाची ठेव आहे, ती सर्वांदेखत वापरावी, असें तो म्हणे. तत्त्व उदात्त खरें. पण ज्याचें पोट कोणाच्या हातीं नाहीं, त्यालाच तें परवडतें.

आपल्याकडे १९१९ च्या सुधारणांनंतर १९२० सालीं मुंबई कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हां खेड्यांत मताचा हक्क सर्वसाधारणपणें ३२ रुपये सारा भरणाराला होता. मतपत्रिका कायद्यानें गुप्त. पण तीवर नांवें छापलेलीं आणि मतदार बव्हंशीं निरक्षर. तेव्हां मतदारानें उमेदवाराचें नांव अधिकाऱ्याला सांगावें व त्यानें खूण करावी, अशी सोय झाली. विनयपिटकांतील कानगोष्टच ही, फक्त दिशा उलटलेली. तेथें वांटणारा भिक्षूच्या कानांत बोले. येथें शेतकरी सरकारी अंमलदाराच्या कानांत बोलूं लागला. ज्याच्याशीं जन्मांत सरळ मान करून बोलावयाचा प्रसंग आला नाहीं, त्याच्यापाशीं मनांतलें नांव उघड करावयाचें, आणि पुन्हां त्याला गुप्त मतदान म्हणावयाचें! यावर तोडगा म्हणून पुढें कांहीं प्रांतांत रंगीत पेट्या आल्या. १९३७ च्या निवडणुकींत मद्रास इलाख्यांत काँग्रेसची पेटी पिवळी होती.

प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक १९५१–५२ सालीं झाली आणि निरक्षर मतदाराला कोणाच्या कानाशीं न लागतां मत देतां आलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या व्यवस्थेंत प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र पेटी होती व पेटीवर चिन्ह होतें. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचें झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोंपडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. तर्जनीला शाई लावून घ्यावयाची, कोरा कागद घेऊन पडद्याआड जावयाचें आणि मनांतल्या पेटींत टाकावयाचा. महजरावरील निशाणी सांगे कीं मत कोणाचें. पेटीवरील निशाणी सांगूं लागली कीं मत कोणाला. निशाणी तीच, पण तिनें बाजू बदलली आणि त्या बदलांत बलुतेदाराला आडोसा मिळाला. कित्येकांना हें इतकें अपूर्व वाटलें, कीं देशांत कोठें कोठें पेट्यांची पूजा झाली.

या पद्धतींतही एक भोंक होतें. मतपत्रिका पेटींत न टाकतां खिशांत घालून बाहेर आणावी, ती विकावी, आणि विकत घेणारानें अशा अनेक पत्रिका आंत जाऊन एका पेटींत सोडाव्या, असे प्रकार होऊं लागले. म्हणून १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत एकच पेटी व मतपत्रिकेवर शिक्का ही पद्धति सर्वत्र रूढ झाली. कायदा तर १९५१ पासूनच स्पष्ट आहे: कोणीं कोणाला मत दिलें हें सांगण्याची सक्ति न्यायालयांतील साक्षीदारावरही करतां येत नाहीं, आणि मतदानाच्या कामावरील माणसानें गुपित फोडल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

पण कायद्याची हद्द केंद्राच्या दारापाशीं संपते. बाहेर चावडी आहे, चहाचें दुकान आहे, सोसायटीची कचेरी आहे. माणिकडोह, वडज, येडगांव, पिंपळगांव जोगे व डिंभे या धरणांनीं दोन्ही तालुक्यांचा पूर्वभाग बागायती केला. ऊस आला, कर्ज आलें, आणि पाण्याची पाळी, तोडीची पाळी, कर्जाची मंजुरी अशा नव्या वाटा बघण्याचे दिवस आले. मतासाठीं यांपैकीं कांहीं कोणी अडवितोच असें नव्हे. अडवील, एवढी शंका पुरे होते. ‘यंदा कोणाकडे?’ या प्रश्नाला न्यायालयांत नकार देतां येतो, पारावर येत नाहीं. तेथें गप्प राहणें हेंच उत्तर धरलें जातें. म्हणून शहाणा माणूस तिन्ही उमेदवारांच्या माणसांना ‘आपलेंच आहे, काळजी नको’ असें सांगून मोकळा होतो. याला खोटेपणा म्हणणारे म्हणोत. ज्या समाजांत खरें सांगण्याची किंमत फक्त दुबळ्यानें मोजावयाची असते, तेथें अशा खोट्याचा हिशेब त्याच्या एकट्याच्या नांवावर मांडणें बरें नव्हे. घरांतही तोच प्रकार. वडील एका पक्षाचे जुने कार्यकर्ते, मुलाचें मत दुसरीकडे. मग मतदानाच्या दिवशीं दोघे एकाच वेळीं निघतात आणि परततांना पावसापाण्याच्या गोष्टी बोलतात.

व्यक्तीचें मत झांकलें, तरी गांवाचें झांकत नाहीं. भीमाशंकराच्या बाजूच्या डोंगराळ भागांत वाड्यावस्त्या लहान आणि विखुरलेल्या आहेत. मोजणी केंद्रवार होते, आणि कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतें पडलीं याचा तक्ता प्रसिद्ध होतो. चारपांचशें मतदारांच्या केंद्रावर एखाद्याला तेरा मतें मिळालीं, तर तीं तेरा घरें कोणतीं, याचा तर्क करायला गांवाला रात्र पुरते. हा धोका कायदा करणारांना ठाऊक नव्हता असें नाहीं. मतदारांना धाक घातला जाईल किंवा त्यांच्यावर सूड उगवला जाईल असें निवडणूक आयोगास वाटल्यास सर्व केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजाव्या, अशी तरतूद नियमांत होती. २००४ च्या लोकसभा निवडणुकींत देशभर मतदान यंत्रें आलीं आणि कागद मिसळण्याचा प्रश्नच उरला नाहीं. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारें साधन वापरावें असें आयोगानें २००८ सालीं सुचविलें, विधि आयोगानें २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालांत त्याला पाठिंबा दिला. पण तें कांहीं मोजणीच्या मेजावर आलें नाहीं.

ग्रामपंचायतींत तर उघड रीत अजून जिवंत आहे. १९६४ च्या नियमांप्रमाणें सदस्यांनीं सरपंच-उपसरपंच निवडतांना हात वर करून मत द्यावें. एखाद्या सदस्यानें मागणी केल्यास मात्र मतदान गुप्त व्हावें. वाचावयास हा नियम उदार वाटतो. पण सात-नऊ जणांच्या खोलींत गुप्त मतदान मागणारा कोण, याच्याकडेच सर्वांच्या नजरा वळतात, आणि मागणी करतांच त्याचें गुपित फुटतें. सरपंच आतां थेट गांवकऱ्यांच्या मतानें निवडला जातो. २०१७ सालीं आलेली ही पद्धति २०२० सालीं गेली व २०२२ सालीं परत आली.

मागणीनें जसें गुपित फुटतें, तसें नकारानेंही. उमेदवारांपैकीं कोणीच पसंत नसल्यास पूर्वीं मतदाराला केंद्राध्यक्षापुढें तसें सांगून नोंदवहींत सही करावी लागे. मत देणारा झांकलेला आणि न देणारा उघडा! २७ सप्टेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, नाकारणारालाही तितकेंच गुप्ततेचें संरक्षण हवें असा निर्णय दिला आणि ‘वरीलपैकीं कोणीही नाहीं’ हें बटण यंत्रावर आलें.

स्त्रियांच्या बाबतींत झांकण आणखी पातळ आहे. गांवांतील दारूचें दुकान बंद करण्यासाठीं २५ मार्च २००८ च्या शासन आदेशान्वयें स्त्रियांचें गुप्त मतदान घेतां येतें. मतपत्रिकेवर दोन चित्रें: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही क्षणांत कळेल अशी ही निशाणी १९५२ च्या बैलजोडीच्या वंशांतलीच. पडद्याआड तिनें कोणत्या बाटलीवर शिक्का मारला, तें तिच्या दारुड्या नवऱ्याला कळावयाचें नाहीं. परंतु दुकान बंद होण्यास आलेल्या मतांचें बहुमत पुरत नाहीं. यादींतील एकूण स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीला पडावीं लागतात. त्यामुळें नवऱ्याला तिचें मत जाणून घेण्याची गरजच उरत नाहीं. त्या दिवशीं तिनें उंबरा ओलांडला नाहीं, म्हणजे झालें. शाळेपुढची रांग रस्त्यावरून सर्वांना दिसते, आणि रांगेंत उभी राहणारी बहुतेक कोणत्या बाटलीसाठीं आली आहे, हें सांगायला ज्योतिषी लागत नाहीं. ज्या गांवांत ८०० स्त्रियांचीं नांवें यादींत आहेत, तेथें आडव्या बाटलीला ४०१ शिक्के लागतात, आणि त्या सकाळीं घरीं राहिलेली प्रत्येक बाई, तिच्या मनांत कांहींही असो, उभ्या बाटलीकडे जमा होते.