‘बॅन’ झालेले बूट: एअर जॉर्डन १ वरून सोर्स कसा तपासायचा?

सिनॉप्सिस लिहायला बसलेले ज्युनिअर्स हमखास विचारतात, "विषय केवढा मोठा हवा?" विषय लहान असला तरी चालतो, प्रश्न मात्र नेमका हवा. आज उदाहरण घेऊ एका बुटाच्या जोडीचं. बुटांवर कुठे इतिहास असतो का, असं वाटत असेल तर थोडं थांबा. जाहिरात, आठवण, पत्र, फोटो आणि खुद्द वस्तू असे पाच प्रकारचे सोर्स इथे एकाच ठिकाणी मिळतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. संशोधकाला आणखी काय हवं?

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

१९८४ साली मायकेल जॉर्डन शिकागो बुल्सकडून एनबीएमध्ये आला. नायकीनं त्याच्याशी करार केला आणि पीटर मूर यांनी डिझाइन केलेला काळा-लाल एअर जॉर्डन १ बाजारात आणायचं ठरलं. एनबीएनं म्हणे त्या रंगांवर बंदी घातली आणि दर सामन्याला ५,००० डॉलर दंड लावला. नायकीनं तो हसत हसत भरला. मग बंदीचीच जाहिरात केली आणि बूट धडाधड खपले. २०२३ च्या ‘एअर’ या सिनेमातही हीच गोष्ट आहे. आज काळ्या-लाल रेट्रोसाठी लोक रांगा लावतात किंवा रीसेलमध्ये छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात, तेव्हा चामड्याबरोबर ही गोष्टही विकत घेतात.

अशी गोष्ट समोर आली की पहिलं काम एकच: ती अख्खी मान्य करायची नाही आणि अख्खी फेकूनही द्यायची नाही. तिच्यातले दावे सुटे करायचे. इथे चार दावे आहेत. एक, एनबीएनं काळे-लाल बूट नाकारले. दोन, ते बूट एअर जॉर्डन १ होते. तीन, दर सामन्याला ५,००० डॉलर दंड झाला. चार, बंदीमुळे बूट खपले. आता एकेक बघू.

पत्र काय सांगतं, काय सांगत नाही

पहिल्या दाव्याला कागद आहे. एनबीएचे अधिकारी रस ग्रॅनिक यांनी नायकीच्या रॉब स्ट्रासर यांना लिहिलेलं २५ फेब्रुवारी १९८५ चं पत्र. १८ ऑक्टोबर १९८४ च्या सुमारास जॉर्डननं घातलेले नायकीचे काही काळे-लाल बूट लीगच्या नियमांत बसत नाहीत, असं त्यात म्हटलंय. म्हणजे मनाई खरी आहे.

पण तारखा नीट बघा. १८ ऑक्टोबर म्हणजे नियमित सीझन सुरू व्हायच्या आधीचे, प्रीसीझनचे दिवस. आणि पत्र आलं चार महिन्यांनी, बूट बाजारात यायला थोडाच अवधी उरलेला असताना. आधी झालेल्या बोलण्याला लेखी दुजोरा द्यावा, असा त्याचा सूर आहे. असा कागद हातात असणं तेव्हा कोणाच्या सोयीचं होतं, हा प्रश्न वहीत टिपून ठेवा.

आणखी महत्त्वाचं म्हणजे पत्रात मॉडेलचं नाव नाही आणि दंडाचा आकडाही नाही. नवा विद्यार्थी सोर्समध्ये काय आहे ते अधोरेखित करतो. तिथे काय असायला हवं होतं आणि नाही, तेही लिहून ठेवायची सवय लावा.

पायात नेमकं काय होतं?

इथे वस्तूच सोर्स होते. सीझनच्या सुरुवातीला जॉर्डन खेळत होता तो नायकीच्या एअर शिप या मॉडेलमध्ये. १ नोव्हेंबर १९८४ च्या सामन्यात त्यानं घातलेली पांढरी-लाल एअर शिपची जोडी ऑक्टोबर २०२१ मध्ये सदबीजच्या लिलावात १४ लाख ७२ हजार डॉलरला गेली. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये नाकारलेले काळे-लाल बूटही एअर शिपच असावेत, असा अभ्यासकांचा आणि जाणकार संग्राहकांचा कल आहे. हे अनुमान आहे, पण भक्कम. काळ्या-लाल एअर जॉर्डन १ मध्ये जॉर्डन ठळकपणे दिसतो तो फेब्रुवारी १९८५ च्या स्लॅम डंक स्पर्धेत, आणि ती काही लीगची नियमित मॅच नव्हे.

दंडाच्या दाव्यावर साधं गणित करून बघा. त्या सीझनमध्ये जॉर्डन सगळे ८२ सामने खेळला. प्रत्येक सामन्याला ५,००० धरले तर ४ लाख १० हजार डॉलर होतात. नायकीचा त्याच्याशी असलेला करार वर्षाला साधारण ५ लाखांचा होता. म्हणजे जवळजवळ दुसरा जॉर्डन सांभाळण्याइतका खर्च! एवढी रक्कम कुठल्यातरी कागदावर उमटायला हवी. मनाईचं पत्र वारंवार दाखवलं जातं, दंडाची पावती मात्र पुढे येत नाही. एखाद-दुसऱ्या वेळी दंड झालाच नसेल, असं यावरून सिद्ध होत नाही. पण ‘दर सामन्याला’ हे शब्द प्रबंधात लिहिताना हात थांबायला हवा.

जाहिरातीनं काय केलं

जाहिरातीत कॅमेरा जॉर्डनच्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली येतो आणि बुटांवर काळ्या पट्ट्या आदळतात. एनबीएनं हे बूट खेळातून बाहेर काढले, पण तुम्हाला कोणी अडवू शकत नाही, असा एकूण मजकूर. ऑक्टोबरमधल्या एका जोडीची मनाई इथे अलगद दुसऱ्या, विकायला ठेवलेल्या जोडीवर सरकवली गेली.

बूट एप्रिल १९८५ मध्ये ६५ डॉलरला आले आणि तुफान खपले. जॉर्डनचा एजंट डेव्हिड फॉक २०२० च्या ‘द लास्ट डान्स’मध्ये सांगतो की चौथ्या वर्षाअखेर ३० लाख डॉलरची अपेक्षा होती आणि पहिल्याच वर्षी विक्री १२ कोटी ६० लाखांवर गेली. आकडा वापरायला हरकत नाही, पण वाक्यात फॉकचं नाव आणि २०२० हे साल दोन्ही यायला हवं. ३५ वर्षांनी, स्वतःच्या यशाबद्दल बोलणाऱ्या माणसाची ती आठवण आहे.

शिवाय यशाच्या गोष्टीतून एक तुकडा गळतो. पुढे अनेक दुकानांत हेच बूट सवलतीत काढावे लागले. स्वस्तात मिळणारे आणि घोट्याला आधार देणारे म्हणून स्केटबोर्ड खेळणाऱ्या पोरांनी ते उचलले. १९८७ च्या ‘द सर्च फॉर ॲनिमल चिन’ या स्केट व्हिडिओत ते दिसतात. त्यांनी हे बूट जपले नाहीत, घासून घासून फाडले. बुटाच्या इतिहासात घालणारेही धरायचे असतात, फक्त बनवणारे नाहीत.

रेट्रो म्हणजे कशाची नक्कल?

एअर जॉर्डन १ ची पहिली पुनरावृत्ती १९९४ ची. तीही सवलतीतच गेली. नॉस्टॅल्जियाची बाजारपेठ तेव्हा पुरती तयार झाली नव्हती. २०११ च्या ‘बॅन्ड’ आवृत्तीच्या टाचेवर मात्र फुलीची खूण आहे, जी १९८५ च्या बुटावर नव्हती. म्हणजे नक्कल बुटाची कमी आणि जाहिरातीच्या आठवणीची जास्त! म्हणून रेट्रो हा १९८५ चा पुरावा नाही, तो ज्या साली निघाला त्या सालाचा पुरावा आहे.

किमतीचंही तसंच. २०१६ ची ‘बॅन्ड’ रेट्रो १६० डॉलरला आली. महागाई धरली तर १९८५ चे ६५ डॉलर म्हणजे २०१६ चे साधारण १४५. दुकानातली किंमत फार वाढलेलीच नाही. वाढला तो टंचाईचा भाव, आणि तो रीसेलमध्ये वसूल होतो.

याची किंमत कोणी मोजली?

हा विषय गमतीचा वाटत असेल तर १९८९ कडे या. त्या वर्षी मेरीलँडमध्ये १५ वर्षांच्या एका मुलाचा त्याच्या एअर जॉर्डनसाठी खून झाला. १४ मे १९९० च्या स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडनं अशा घटनांवर कव्हर स्टोरी केली. २३ डिसेंबर २०११ ला एअर जॉर्डन ११ ची रेट्रो आली, तेव्हा सिएटलजवळच्या मॉलमध्ये गर्दी आवरायला पोलिसांनी पेपर स्प्रे वापरला.

या बातम्याही डोळे मिटून घ्यायच्या नाहीत. शहरातल्या गरीब, बहुतेक वेळा कृष्णवर्णीय मुलांना ‘बुटांसाठी वेडे’ ठरवणं सोपं असतं. ती ओढ जाहिरातीतून आणि मुद्दाम ठेवलेल्या टंचाईतून कशी घडवली गेली, हे दाखवायला मेहनत लागते. पण म्हणून त्या मुलाच्या मृत्यूला ‘मीडियानं वाढवलेली गोष्ट’ म्हणून बाजूलाही सारता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात धरून लिहिता येणं, हे आपल्या कामातलं खरं अवघड कौशल्य आहे.

तुमच्या विषयासाठी

तुमचा विषय गिरणी कामगारांचा असो, नाटक कंपन्यांचा की एखाद्या गावच्या जत्रेचा, सगळ्यांना पाठ असलेली एक गोष्ट तिथेही असेलच. तिच्यातले दावे कागदावर सुटे लिहा. प्रत्येकासमोर सोर्स, त्याची तारीख आणि तो कोणाच्या फायद्याचा होता, असे तीन रकाने करा. जिथे रकाना रिकामा राहील तिथे खूण करा. गाईडसमोर जाताना तोच कागद घेऊन जा. रिसर्च प्रपोजलमधला तुमचा प्रश्न बहुधा त्या रिकाम्या रकान्यातच सापडेल.