गतिशील कम्पोनंट : जावा वेब इंटरफेसमधील दोष व निदान

जावातील वेब इंटरफेसमध्ये पान तयार झाल्यानंतर, वापरकर्त्याच्या कृतीनुसार प्रोग्राममधून जी नवी चौकट, बटण किंवा तक्त्याची ओळ घातली जाते, तिला गतिशील कम्पोनंट म्हणतात. शिधापत्रिकेच्या अर्जात ‘आणखी एक सदस्य जोडा’ हे बटण दाबल्यावर उघडणारी नावाची रिकामी चौकट हे त्याचे साधे उदाहरण. अशा कम्पोनंटविषयीच्या तक्रारी मुख्यतः तीन : तो पानावर दिसतच नाही, दिसतो पण दाबल्यावर काही घडत नाही, किंवा त्यात भरलेला मजकूर पुढच्या फेरीत नाहीसा होतो. तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असते. कम्पोनंटांचे एक झाड सर्व्हरच्या स्मृतीत असते, दुसरे ब्राउझरमधील पानात. या दोन झाडांचा मेळ कुठेतरी तुटलेला असतो. म्हणून दोष पडद्यावर दिसला तरी त्याचा माग विनंतीच्या प्रवासात काढावा लागतो.

२००४ मध्ये आलेल्या आणि आता जकार्ता फेसेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जावासर्व्हर फेसेसमध्ये हा प्रवास स्पष्ट दिसतो. फॉर्म परत पाठवला की सर्व्हर सहा टप्प्यांनी काम करतो : झाड पुन्हा उभे करणे, आलेली मूल्ये त्यात भरणे, ती तपासणे, मॉडेलमध्ये उतरवणे, कृती चालवणे आणि शेवटी पान रेंडर करणे. पाचव्या टप्प्यात घातलेला कम्पोनंट सहाव्यात दिसतो. पण पुढच्या विनंतीत पहिल्याच टप्प्यावर तो परत उभा राहिला नाही, तर त्याच्यासाठी आलेले मूल्य घ्यायला कोणीच नसते. २००९ च्या २.० आवृत्तीपासून झाडाची पूर्ण स्थिती न साठवता, मूळ टेम्प्लेटवरून झाड बांधून त्यावर फक्त फरक चढवण्याची सोय आली. गतिशील कम्पोनंट टेम्प्लेटमध्ये नसल्यामुळे त्याची भर वेगळी लक्षात ठेवावी लागते. ही अंशतः स्थिती साठवण्याची सोय तात्पुरती बंद करून पाहावी. दोष गेला तर तो याच सांध्यावर आहे असे समजावे. आयडीचेही तसेच. तो स्वतः दिला नाही तर फ्रेमवर्क क्रमाने एक नाव देते, आणि मध्येच भर पडली की हा क्रम सरकू शकतो. मग ब्राउझर जुन्या नावाने मूल्य पाठवतो, सर्व्हर नव्या नावाने शोधतो, आणि कोणताही त्रुटीसंदेश न येता मजकूर गळून पडतो.

बटण मुके होण्याचे कारण अनेकदा याहून साधे असते. बटण दाखवायचे की नाही ही अट मूल्ये भरण्याच्या टप्प्यावरही तपासली जाते. अट ज्या यादीवर अवलंबून आहे ती रिक्वेस्ट स्कोपच्या, म्हणजे एका विनंतीपुरत्याच जगणाऱ्या, बीनमध्ये असेल, तर नव्या विनंतीत यादी रिकामी असते. सर्व्हरच्या लेखी बटण नसतेच आणि त्याची कृती चालत नाही. यादी त्याच पानावर असेपर्यंत टिकणाऱ्या व्ह्यू स्कोपमध्ये ठेवली की हा दोष जातो. एजॅक्सने अदृश्य कम्पोनंट आणतानाची अडचणही त्याच जातीची : जो रेंडरच झालेला नाही त्याला पानात जागा नसते, म्हणून त्याच्याभोवती कायम रेंडर होणारे वेष्टन ठेवून ते ताजे करावे. निदानाचा क्रम यावरूनच ठरतो. मूल्य कोणत्या नावाने निघाले हे आधी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहावे, मग सर्व्हरवर विनंती कोणत्या टप्प्यापर्यंत पोचली ते टप्प्यांची नोंद घेणाऱ्या फेज लिसनरने पाहावे, आणि शेवटी आपला कोड तपासावा.

यावर पहिला आक्षेप असा की झाडात हात घालूच नये. यादी बदलावी आणि ओळी फ्रेमवर्कला काढू द्याव्यात. सल्ला रास्त आहे आणि शक्य तिथे तोच पाळावा. पण कोणत्या चौकटी हव्यात हेच जिथे डेटाबेसमधून ठरते, तिथे झाड हाताने बांधण्याची वेळ येऊ शकते. दुसरा आक्षेप असा की रिअ‍ॅक्टसारख्या साधनांनी झाड ब्राउझरमध्ये नेल्यामुळे हा प्रश्नच जुना झाला. तसे झालेले नाही. रिअ‍ॅक्टलाही यादीतील प्रत्येक घटकासाठी स्थिर की (ओळखखूण) लागते. अनुक्रमांकच की म्हणून वापरला, तर मधली ओळ पुसल्यावर टाइप केलेला मजकूर भलत्याच ओळीत दिसू शकतो. वाडिन या जावा फ्रेमवर्कमध्ये झाड सर्व्हरवर राहते आणि बदल आपोआप ब्राउझरला कळवले जातात, तरी पार्श्वभूमीतील थ्रेडमधून केलेला बदल ठरलेल्या मार्गानेच न्यावा लागतो. साधने बदलली, ओळख आणि वेळ हे दोन प्रश्न तसेच राहिले.

म्हणूनच हे निदान कसे शिकवावे हाही प्रश्न आहे, आणि त्यासाठी हैदराबादचे उदाहरण पाहता येईल. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स ही इमारत उभी राहिल्यानंतर ते शहर सॉफ्टवेअरचे मोठे केंद्र बनले आणि तिथला अमीरपेट हा भाग संगणक-प्रशिक्षण वर्गांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. नांदेडसारख्या मराठवाड्यातील शहराला तर हे केंद्र पुण्यापेक्षा जवळचे. अमीरपेटच्या वर्गांतील जावाच्या अभ्यासक्रमाचा रूढ क्रम आधी कोअर जावा, मग जेडीबीसी, सर्व्हलेट व जेएसपी, आणि त्यानंतर स्प्रिंगसारखी फ्रेमवर्क्स असा आहे. नोकरीत फ्रेमवर्कच लागते, मग सर्व्हलेट कशाला, असे विचारले जाते. पण एचटीटीपीला मागची विनंती आठवत नाही, हे ज्याने सर्व्हलेटमध्ये अनुभवले आहे, त्याला चौकटीतला मजकूर का हरवला हे लवकर उमगते. फ्रेमवर्क हे विस्मरण झाकते, नाहीसे करत नाही. त्यामुळे सर्व्हलेटचा धडा वगळणे हा वेळ वाचवण्याचा महागडा मार्ग ठरतो.