रोजी, साली आणि वाजता

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना 'इन १ मे १९६०' किंवा 'ऑन १९६०' अशी रचना दिसली, की आमची लाल शाई आपसूक चालते. विद्यार्थ्याने कारण विचारलेच, तर आमच्यापाशी ठरलेले उत्तर असते : तारखेला 'ऑन', महिन्याला व वर्षाला 'इन', घड्याळातील वेळेला 'ॲट', पाठ करा. हे उत्तर खोटे नाही. परंतु त्यात भाषेचा इतिहास नाही.

जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय लागत. 'दिवसा', 'रात्री' हे अर्थ अव्ययावाचून, नामाच्या षष्ठीच्या रूपानेही व्यक्त होत. जेथे अव्यय येई, तेथेही आजची वाटणी नव्हती. नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या काळात संकलित होऊ लागलेल्या 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या बखरीत 'या वर्षी' असे सांगतानाही 'ऑन' वापरलेले आढळते. एका हस्तलिखितात ही बखर ११५४ पर्यंत चालू राहिली, आणि तिच्या अखेरच्या नोंदींत प्रत्यय पुष्कळच झिजलेले दिसतात. प्रत्ययांचे ओझे अव्ययांवर आले आणि त्यांची कामे हळूहळू वेगळी झाली. 'ट्वाइस अ डे' मधील 'अ' हे मुळात 'ऑन'च आहे. आज आपण त्याला उपपद समजतो.

मराठीने आपली सप्तमी टिकवली. 'त', 'ई', 'आ' हे तिचे प्रत्यय 'उन्हाळ्यात', 'सोमवारी', 'दिवसा' या रूपांत आपण रोज वापरतो. शिवाय फारसीतून आलेल्या 'रोज' आणि 'साल' या शब्दांना आपलाच 'ई' जोडून मराठीने कालनिर्देशाची एक नेमकी सोय करून घेतली. '१ मे १९६० रोजी', 'मे महिन्यात', '१९६० साली', 'पाच वाजता' : या चौकटीत मराठी विद्यार्थी सहसा चुकत नाही. '१९६० रोजी' असे तो लिहिणार नाही; ते त्याच्या कानालाच खटकेल.

आमचे म्हणणे एवढेच, की जो भेद आम्ही परका म्हणून शिकवतो, तो त्याच्या भाषेत आधीपासून आहे. 'रोजी' तेथे 'ऑन', 'साली' व 'महिन्यात' तेथे 'इन', 'वाजता' तेथे 'ॲट'. ही किल्ली सर्वच कुलपांना लागत नाही, हेही सांगायला हवे. 'सकाळी' आणि 'रात्री' यांचा प्रत्यय एकच. इंग्रजीत मात्र सकाळला 'इन' आणि रात्रीला 'ॲट'. तेथे पाठांतराला पर्याय नाही.

तरीही पुढच्या वेळी गुण कापण्याआधी आम्ही त्या विद्यार्थ्याला तेच वाक्य मराठीत म्हणायला सांगणार आहोत. उत्तर बहुधा त्याच्याच तोंडून येईल.